पाच कोटी वर्षांची माती आणि दोन वर्षांची तारीख

दिवाळी आटोपली की बऱ्याच घरांत उटण्याची एक-दोन पाकिटं उरतात. अर्धं पाकीट नरकचतुर्दशीला संपतं, उरलेल्याला रबरबँड लागतो आणि ते बाथरूमच्या फळीवर जातं. पुढच्या वर्षी नवं पाकीट येतं, तेव्हा जुनं सापडतं आणि प्रश्न पडतो: हे चालेल का? मुलतानी मातीच्या डब्याचंही तसंच. मागे ‘युज बिफोर’ लिहून महिना आणि वर्ष छापलेलं असतं. राजस्थानात बाडमेरजवळच्या कपुरडीला मुलतानी मातीचे जे थर आहेत, त्यांचं वय सुमारे पाच कोटी वर्षं आहे. पाच कोटी वर्षं जमिनीखाली टिकलेली माती आपल्या कपाटात आल्यावर दोन वर्षांत खराब कशी होते?

हा प्रश्न विनोदी वाटतो, पण त्याचं उत्तर मिळायला माणसाला दोन हजार वर्षं लागली, आणि त्या वाटेवर तान्ही बाळं दगावली. म्हणून तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

शिक्क्याची माती

मातीचं पॅकेजिंग ही नवी गोष्ट नाही. एजियन समुद्रात लेम्नोस नावाचं ग्रीक बेट आहे. तिथल्या एका टेकडीची लालसर माती प्राचीन काळी औषध म्हणून विकली जायची. विषबाधेवर पोटात घ्यायला, जखमांवर लावायला. तिच्या छोट्या वड्या करून त्यावर शिक्का मारत. लॅटिनमध्ये तिला ‘टेरा सिगिलाटा’, म्हणजे शिक्क्याची माती, हेच नाव पडलं. पुढे अरबीतही तिला ‘तीन मख्तूम’ म्हणू लागले. अर्थ तोच.

दुसऱ्या शतकात गॅलन हा प्रसिद्ध वैद्य ही माती स्वतःच्या डोळ्यांनी बघायला निघाला. पहिल्या खेपेला त्याचं जहाज बेटावरच्या भलत्याच गावी लागलं. टेकडी दुसऱ्या शहराजवळ होती आणि जहाजाचा कप्तान थांबायला तयार नव्हता. दुसऱ्या खेपेला तो नीट पोचला आणि त्याने सगळी प्रक्रिया लिहून ठेवली. आर्टेमिस देवीची पुजारीण टेकडीवर येते, जमिनीला गहू आणि जव अर्पण करते, गाडीभर माती शहरात नेते. तिथे ती पाण्यात कालवतात आणि स्थिर होऊ देतात. वरचं पाणी ओतून देतात, तळाशी बसलेली वाळू आणि खडे टाकून देतात, मधला लोण्यासारखा मऊ थर तेवढा घेतात. त्याच्या वड्या करून देवीचा शिक्का मारतात आणि सावलीत वाळवतात.

मंत्र-अर्पण बाजूला ठेवलं, तर हे उत्तम तंत्रज्ञान आहे. जड कण आधी खाली बसतात आणि चिकणमातीचे बारीक कण उशिरा, एवढ्या एका गोष्टीवर ते चालतं. आजही अनेक ठिकाणी माती शुद्ध करायची पद्धत मुळात हीच असते.

या मातीत बोकडाचं रक्त मिसळतात, असं आधीच्या शतकातल्या डायोस्कोरिडीसने लिहून ठेवलं होतं. गॅलनने तिथे तसं विचारलं, तर ऐकणारे हसले. समाधान झाल्यावर तो वीस हजार वड्या घेऊन परतला.

वीस हजार! एका वैद्याला एवढा साठा किती वर्षं पुरेल? तो कधी संपवायचा, हा प्रश्न मात्र त्याला पडलेला दिसत नाही. त्याची चिंता वेगळी होती: माती अस्सल आहे का, भेसळ तर नाही ना. शिक्का त्या चिंतेचं उत्तर होता. माती कुठून आली आणि कोणाच्या हातून आली, हे तो सांगायचा. किती दिवस चालेल, हे नाही.

पुढे लेम्नोस ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात गेलं, पुजारिणीची जागा तुर्की अधिकाऱ्यांनी घेतली, आणि वर्षातून एकदाच, ६ ऑगस्टला, माती खणायची प्रथा सुरू राहिली. मागणी इतकी होती की युरोपात सायलेशिया, माल्टा, इटली अशा ठिकाणच्या माती स्वतःचे शिक्के मारून बाजारात आल्या. शिक्क्याची नक्कल करणं माती शोधण्यापेक्षा सोपं होतं.

मुलतान ही बाजारपेठ होती

आपल्याकडचं ‘मुलतानी’ हे नावही एक प्रकारचा शिक्काच आहे. मुलतान हे काफिल्यांच्या वाटेवरचं जुनं व्यापारी शहर. पश्चिमेला सुलेमान डोंगररांगेच्या पायथ्याशी, डेरा गाझी खानच्या परिसरात या मातीचे साठे आहेत. माल डोंगरातून यायचा आणि नाव बाजारपेठेचं चिकटायचं. फाळणीनंतर ते डोंगर आणि ते शहर दोन्ही पाकिस्तानात राहिले. आज भारतात विकली जाणारी मुलतानी माती बरीचशी राजस्थानातल्या बाडमेर आणि बिकानेर भागातून येते. नाव मात्र बदललं नाही.

इंग्रजीत हिला ‘फुलर्स अर्थ’ म्हणतात. फुलर म्हणजे विणलेलं लोकरी कापड तुडवून धुणारा कारागीर. कच्च्या लोकरीत मेंढीची चरबी असते, ती ही माती शोषून घेते. इंग्लंडचा लोकरीचा व्यापार या मातीवर इतका अवलंबून होता की सतराव्या शतकात तिथल्या सरकारने तिच्या निर्यातीवर बंदी घातली होती. चेहऱ्यावरचं तेल ओढून घेणं आणि लोकरीतली चरबी ओढून घेणं ही एकाच गुणाची दोन कामं आहेत. मोरोक्कोत ‘घासूल’, इराणात ‘गिल-ए-सरशूर’ म्हणजे डोकं धुवायची माती, आपल्याकडे मुलतानी. साबणाआधी बऱ्याच जगाने अंग आणि केस मातीने धुतले.

या सगळ्या इतिहासात माती बहुतेक वेळा त्या त्या वेळी भिजवून वापरली जायची. कोरडे खडे घरात असायचे. लागतील तेवढे फोडायचे, भिजवायचे, वापरायचे. उरलेला लेप टाकून द्यायचा. वर्षानुवर्षं टिकवायचा तो कोरडा खडा. ही सवय शास्त्र कळायच्या आधीची आहे आणि आजच्या शास्त्रालाही ती मान्य होण्यासारखी आहे. गडबड सुरू होते ती खड्याची भुकटी, भुकटीचं मिश्रण आणि मिश्रणाचं पाकीट झाल्यावर.

दोन महिन्यांचं चूर्ण

औषध किती दिवस टिकतं, हा प्रश्न भारतात स्पष्टपणे विचारला गेला होता. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधर संहितेत त्याचा हिशेब आहे. सुकी वनौषधी वर्षभराने गुण गमावते. तिचं चूर्ण केलं, तर दोन महिन्यांतच वीर्य कमी होतं. गुटी आणि लेह साधारण वर्षभर टिकतात. आसव आणि धातूंची औषधं मात्र जुनी होतील तितकी चांगली.

हा हिशेब गुण किती टिकतो याचा आहे, जंतूंचा नाही. पण त्यातला एक फरक आजही उपयोगी पडतो: वनस्पती जुनी होते, खनिज होत नाही. आणि वनस्पती दळली की ती अधिक लवकर जुनी होते, कारण भुकटीचा हवेशी संपर्क कित्येक पटींनी वाढतो. सुगंधी तेलं उडून जातात, उरलेल्यांना खवट वास येतो.

आता उटण्याचं पाकीट उलटं करून बघा. मुलतानी माती असते, त्यासोबत आंबेहळद, चंदन, कचोरा, नागरमोथा, वाळा, गुलाबाच्या पाकळ्या, संत्र्याची साल. काहींत बेसन किंवा मसुराचं पीठही. म्हणजे शार्ङ्गधराच्या यादीतली दोन टोकं एका पाकिटात आहेत. एखाद्या ॲपमध्ये दहा लायब्ररी वापरलेल्या असतात, तेव्हा सगळ्यात आधी जिचा सपोर्ट संपतो तिच्यावर ॲपचं आयुष्य ठरतं. पाकिटावरची तारीख तशीच सगळ्यात नाजूक घटकाची असते. पाच कोटी वर्षांची माती त्या तारखेला जबाबदार नाही. संत्र्याची साल आहे.

पण हे अर्धंच उत्तर झालं. निव्वळ मातीच्या, काहीही न मिसळलेल्या डब्यावरही तारीख असते. तिच्यासाठी एकोणिसाव्या शतकात जावं लागतं.

मातीत झोपलेले

१८७६ साली दोन जर्मन शास्त्रज्ञांनी जवळजवळ एकाच वेळी एक विचित्र गोष्ट दाखवली. फर्डिनांड कोन यांनी गवताच्या काढ्यात वाढणारा एक जंतू अभ्यासला. काढा उकळला तरी तो पूर्ण मरत नव्हता. रॉबर्ट कॉख यांनी अँथ्रॅक्सच्या जंतूचा जीवनक्रम उलगडला. दोन्हींत गुपित एकच होतं: बीजाणू. परिस्थिती वाईट झाली की हे जंतू स्वतःभोवती जाड कवच करून निपचित पडून राहतात. खाणं नाही, पाणी नाही, वाढ नाही. वर्षानुवर्षं तसेच. पुन्हा ओल आणि अन्न मिळालं की जागे होतात.

१८८४ मध्ये गटिंगेन इथे आर्थर निकोलायर या तरुण डॉक्टरने बागेतली माती प्राण्यांच्या कातडीखाली टोचली. अनेक प्राण्यांना धनुर्वात झाला. पाच वर्षांनी, १८८९ मध्ये, कॉख यांच्या बर्लिनच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या किटासातो शिबासाबुरो या जपानी शास्त्रज्ञाने धनुर्वाताचा जंतू शुद्ध स्वरूपात वेगळा केला. त्याची युक्ती साधी होती. त्याने नमुना ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला. बाकीचे जंतू मेले, धनुर्वाताचे बीजाणू उरले.

आपल्या विषयासाठी हा प्रयोग महत्त्वाचा आहे. माती उन्हात वाळवली की जंतू मरतात, ही समजूत आजही घरोघरी आहे. गच्चीवरचं ऊन ८० अंशांच्या जवळपासही जात नाही, आणि तिथे पोचलं तरी बीजाणूंना फरक पडत नाही. ऊन पाणी काढून घेतं, आणि तेही मोठं काम आहे. पण झोपलेल्यांना ते मारत नाही.

यात घाबरण्यासारखं किती आहे? धडधाकट त्वचेवर, फारसं काही नाही. धनुर्वाताचा जंतू ऑक्सिजन नसलेल्या जागीच वाढतो, म्हणजे खोल जखमेत किंवा मृत पेशींमध्ये. चेहऱ्यावर पंधरा मिनिटं लावून धुतलेल्या मातीतून धनुर्वात होत नाही. पण माणसाच्या आयुष्यात एक काळ असा असतो, जेव्हा त्याच्या अंगावर मृत पेशींचा एक तुकडा लटकत असतो आणि त्याखाली उघडी जखम असते. तो म्हणजे जन्मानंतरचे पहिले काही दिवस.

नाळेवरची पावडर

१९४६ साली न्यूझीलंडच्या वैद्यकीय नियतकालिकात नवजात बाळांच्या धनुर्वातावर एक लेख आला. बाळं रस्त्याकडेला जन्मलेली नव्हती. प्रगत देशातली होती, सुइणी शिकलेल्या होत्या. माग काढत गेल्यावर संशय नाळेवर शिंपडायच्या टाल्कम पावडरवर आला. टाल्क म्हणजे शंखजिरं, जमिनीतून काढलेलं खनिज. पांढरीशुभ्र, सुवासिक, कोरडी पावडर. तिच्यात धनुर्वाताचे बीजाणू होते. पावडर खराब झालेली नव्हती, तिला वास येत नव्हता, रंग बदललेला नव्हता. ती जशी खाणीतून आली, तशीच होती.

लेम्नोसच्या शिक्क्याला न सुचलेला प्रश्न इथे पहिल्यांदा नीट विचारला गेला. पावडर अस्सल आहे का, हे पुरेसं नाही. तिच्यात काय जिवंत आहे? त्यानंतर जखमेवर किंवा नाळेवर वापरायचा टाल्क आधी निर्जंतुक करायचा, ही अट औषधनिर्मितीच्या नियमांत पक्की झाली. १६० अंशांवर तासभर कोरडी उष्णता ही त्याची एक ठरलेली पद्धत. घरच्या तव्यावर माती भाजून हे साधत नाही.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी जवळचा संदर्भ आहे. नाळेवर राख, शेण, हळद किंवा पावडर लावायची पद्धत भारतात अनेक ठिकाणी होती. गरोदर स्त्रियांचं लसीकरण, दवाखान्यातली बाळंतपणं आणि नाळ स्वच्छ, कोरडी, उघडी ठेवण्याचा आग्रह, यांच्या जोरावर माता आणि नवजात बाळांमधल्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताच्या बाबतीत मान्य केलं. बाळाची पहिली दिवाळी आली की घरातलं कोणीतरी उटण्याची वाटी घेऊन पुढे येतं. नाळ पडून जागा पूर्ण भरलेली नसेल, तर ती वाटी प्रेमाने बाजूला ठेवावी. मोठ्यांच्याही चिरलेल्या हातावर, फुटलेल्या मुरुमावर, दाढीच्या ताज्या कापावर माती नको.

पाण्याचा हिशेब

आता साठवणीचा मुख्य प्रश्न. कोरड्या पावडरीत बीजाणू झोपलेले असतील, तर ते जागे कधी होतात? याचं नेमकं उत्तर मांसाच्या व्यापारातून आलं. विल्यम जेम्स स्कॉट हा ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ १९३०च्या दशकात ब्रिस्बेनमध्ये जहाजाने ब्रिटनला पाठवायच्या गोमांसावर काम करत होता. मांस तिथे पोचेपर्यंत त्याच्यावर जंतू वाढायचे. त्याच्या लक्षात आलं की पदार्थात एकूण पाणी किती आहे यावर जंतूंची वाढ ठरत नाही. त्यातलं किती पाणी मोकळं आहे, जंतूंना घेता येतं, यावर ठरते. १९५०च्या दशकात त्याने ही कल्पना आकड्यांत मांडली. शुद्ध पाणी म्हणजे १, पूर्ण कोरडं म्हणजे ०. बहुतेक जंतूंना ०.९च्या वर लागतं. बुरशी ०.८ किंवा त्याहून थोड्या खालीही वाढते. ०.६च्या खाली काहीच वाढत नाही.

मध, गुळाची ढेप, खारवलेली कैरी, पापड वर्षभर का टिकतात, याचं गणित हेच. आणि या आकड्याचा एक उपयोग आपल्याला थेट होतो. उघडी पडलेली पावडर हळूहळू आजूबाजूच्या हवेइतकी दमट होते. हवेची आर्द्रता ८५ टक्के असेल, तर पावडरीचा आकडा ०.८५कडे सरकत जातो. जुलैतल्या मुंबईची किंवा रत्नागिरीची हवा साधारण एवढीच असते. गरम पाण्याच्या आंघोळीनंतरचं बाथरूम त्याहून वर.

मुलतानी माती या बाबतीत जास्तच हौशी आहे. तिच्यात बऱ्याचदा मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असतं. फ्रान्समधल्या माँमोरियों गावावरून १८४७ मध्ये त्याला हे नाव मिळालं. १९३३ मध्ये उलरिख होफमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या मदतीने त्याची रचना मांडली: पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक पातळ थर, आणि थरांच्या मध्ये शिरणारं पाणी. पाणी शिरलं की थर दूर सरकतात आणि माती फुगते. याच गुणामुळे या जातीची माती छोट्या पुड्यांत भरून औषधांच्या आणि यंत्रांच्या खोक्यांत ओल शोषायला ठेवतात. आपण तिचा डबा बाथरूममध्ये उघडा ठेवतो, तेव्हा आपण तेच करत असतो. खोलीतली ओल शोषणारी पुडी आपल्या चेहऱ्यासाठी जपून ठेवतो.

नुसत्या मातीत बुरशीला खायला फारसं नसतं, म्हणून ती दमट होऊनही बराच काळ तग धरते. बेसन, पाकळ्या, साल मिसळलेल्या उटण्यात जेवण तयारच असतं. त्याला फक्त पाणी हवं.

“माती स्वतःच जंतू मारते”

इन्स्टाग्रामवर हे वाक्य वारंवार दिसतं. त्यात खरं काय, हे समजायला एक गोष्ट पुरे. पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये ब्रुली अल्सर नावाचा कातडी आणि मांस खाणारा रोग आहे. लाइन ब्रुने द कुर्सू या फ्रेंच बाईंनी तिथल्या रुग्णांच्या जखमांवर फ्रान्सची हिरवी माती लावून उपचार केले आणि अनेक जखमा भरत आल्या. अमेरिकेत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत लिंडा विल्यम्स आणि शेली हेडल यांनी या माती तपासल्या. २००८ मध्ये निष्कर्ष आले. एका फ्रेंच मातीने प्रयोगशाळेत अनेक जंतू मारले. दुसरी, दिसायला आणि घटकांत जवळजवळ तशीच. तिने जंतू मारले नाहीत.

पुढच्या संशोधनात कारण सापडलं. जंतू मारणाऱ्या मातीत लोहाचं एक विशिष्ट, ऑक्सिजनशी संयोग न झालेलं रूप असतं. पाण्यात ते मोकळं झालं की जंतूंच्या पेशींवर हल्ला करतं. खोलवरच्या निळसर मातीत ते असतं. तीच माती हवेत उघडी पडून गंजली की तिची ताकद जाते. म्हणजे जी मोजकी माती खरंच जंतू मारते, ती हवेत जुनी होते. आणि आपल्या डब्यातली पिवळसर माती बहुधा आधीच पूर्ण गंजलेली असते, रंगच ते सांगतो. ती चेहरा स्वच्छ करते, तेल ओढते. स्वतःचं रक्षण करायची जबाबदारी तिच्यावर टाकू नये.

आणखी एक गोष्ट माती करते. क्रीममध्ये घातलेले संरक्षक पदार्थसुद्धा ती स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे त्यांचा असर कमी होतो. तयार ओला क्ले मास्क बनवणाऱ्या कंपन्यांना यावर बरीच मेहनत घ्यावी लागते. घरी गुलाबपाण्यात कालवून फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवलेल्या लेपामागे असली मेहनत नसते.

तारीख कुठून आली

१९७२ मध्ये फ्रान्समध्ये ‘मोरांज’ या बेबी टाल्कमुळे ३६ बाळं दगावली. कारखान्यात चुकून हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक त्यात प्रचंड प्रमाणात मिसळलं गेलं होतं. म्हणजे न्यूझीलंडच्या उलट: तिथे जंतू, इथे जंतुनाशक. या प्रकरणातून १९७५ मध्ये फ्रान्सचा सौंदर्यप्रसाधनांवरचा कायदा आला, आणि १९७६ मध्ये युरोपीय समुदायाचा समान नियम. पावडरीला सगळे देश औषधासारखं गांभीर्याने घेऊ लागले, ते अशा किमतीवर.

आज युरोपात ३० महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या प्रसाधनावर शेवटची तारीख छापायची सक्ती नाही. त्याऐवजी उघड्या झाकणाच्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात ‘१२ एम’ किंवा ‘६ एम’ असं लिहिलेलं असतं. अर्थ: झाकण उघडल्यापासून इतके महिने. हे चिन्ह २००३च्या दुरुस्तीतून आलं. अमेरिकेत प्रसाधनांवर एक्सपायरी छापायची सक्ती आजही नाही. भारतात सौंदर्यप्रसाधनं १९६२च्या दुरुस्तीने औषध कायद्याच्या कक्षेत आली, आता त्यांना २०२०चे स्वतंत्र नियम आहेत, आणि लेबलवर ‘युज बिफोर’चा महिना-वर्ष लागतं. २०१४च्या एका आंतरराष्ट्रीय मानकानुसार साध्या प्रसाधनाच्या एका ग्रॅममध्ये हजारापर्यंत जंतू चालतात. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी आणि डोळ्यांभोवती वापरायच्या उत्पादनांत शंभरापर्यंतच.

म्हणजे पाकिटावरची तारीख मातीबद्दल काहीच सांगत नाही. ते उत्पादकाचं वचन असतं: बंद पाकिटात, कोरड्या जागी ठेवलं, तर या दिवसापर्यंत आतलं मिश्रण मर्यादेत राहील. पाकीट फोडून, ओल्या हाताने चमचा घालून, रबरबँड लावून फळीवर ठेवलं, की ते वचन तिथेच संपतं. महिना कुठलाही असो. उलट, किराणा दुकानातला सुटा, कोरडा, बरणीत बंद ठेवलेला मुलतानीचा खडा, ज्याच्यावर काहीच छापलेलं नाही, तो वर्षानुवर्षं टिकू शकतो.

तारखेने एक गोष्ट कधीच सुटत नाही, तीही सांगायला हवी. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने बाजारातल्या दोन बेंटोनाइट मातींत शिशाचं प्रमाण धोकादायक असल्याचे इशारे दिले. शिसं जमिनीतूनच येतं. ते पहिल्या दिवशी जेवढं असतं तेवढंच शेवटच्या दिवशी. डबा कितीही नीट ठेवला तरी ते जात नाही. म्हणून त्वचेसाठी घेतलेली माती पोटात घेऊ नये, आणि ज्या पाकिटावर उत्पादकाचा पत्ता आणि बॅच नंबर नाही, ते तान्ह्या मुलांना लावू नये. गॅलनचा जुना प्रश्न, ही माती कोणाच्या हातून आली, अजून जिवंत आहे.

मग ठेवायची कशी

बाकीचं या इतिहासातून आपोआप निघतं. माती काचेच्या किंवा चांगल्या प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, बाथरूमच्या बाहेर. आठवड्याला लागेल तेवढी छोट्या डबीत काढावी, म्हणजे मोठी बरणी पावसाळ्यात पुन्हा पुन्हा उघडत नाही. चमचा कोरडा. तो स्टीलचा असला तरी कोरड्या मातीचं काही बिघडत नाही. भुकटी फुंकून किंवा उधळून बघू नये, तिच्यातली सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांसाठी वाईट. निव्वळ माती आणि वनस्पतींचं मिश्रण वेगवेगळं ठेवता आलं तर उत्तम. माती वर्षभराची घ्या, पाकळ्या-साल-हळद लागेल तशी. कालवलेला लेप त्याच वेळी संपवायचा. दही, मध, दूध घातलं असेल तर तेव्हाच, उरला तर फेकायचा.

गुठळ्या झाल्या असतील, तर पाणी आत गेलेलं आहे. कुबट वास, वेगळ्या रंगाचे ठिपके, जाळी किंवा किडे दिसले, तर तारीख बघायची गरजच नाही. ते उन्हात वाळवून वाचत नाही.

आणि एक काम कुठल्याही कारखान्याला आपल्यासाठी करता येत नाही. पाकीट फोडलं, त्या दिवसाची तारीख पेनने झाकणावर लिहून टाकायची. छापलेली तारीख बंद पाकिटाची आहे. उघड्या डब्याची तारीख आपणच लिहायची असते.